प्रभारी मुख्याध्यापिकेने सुरुवात कोठून करावी: वर्गातून, सहकाऱ्यांपासून की कागदपत्रांपासून?

प्रश्न: पाचवीच्या बाई

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत चौदा वर्षे शिकवत आहे. आमचे मुख्याध्यापक जूनमध्ये निवृत्त झाले, माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या गुरुजींनी प्रकृतीच्या कारणाने पदभार घेण्यास लेखी नकार दिला आणि तो माझ्याकडे आला. शाळेचा पट ११२ आहे आणि आम्ही पाच शिक्षक आहोत. पहिली-दुसरी एका खोलीत बसते, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, आणि उरलेल्या तीन वर्गांना प्रत्येकी एक शिक्षक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० पेक्षा जास्त मुले असली तरच तेथे स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. आमचा पट तेवढा नसल्यामुळे पाचवीचा वर्ग माझ्याकडेच राहिला आहे.

माझी पहिली अडचण वेळेची आहे. परिपाठ संपतो न संपतो तोच पोषण आहाराची उपस्थिती भरायची असते. मग यूडायसमधील (शाळा आणि विद्यार्थ्यांची माहिती भरण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील) एखाद्या विद्यार्थ्याच्या आधार क्रमांकातील चूक दुरुस्त करायची असते, आणि मध्येच ‘तासाभरात माहिती पाठवा’ असा निरोप येतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस माझ्या मुलांनी धडा वहीत उतरवून काढण्याशिवाय दुसरे काहीही केले नाही, आणि हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी अडचण मुलांच्या गप्प राहण्याची आहे. मी प्रश्न विचारला की नेहमीच्याच चार मुलांचे हात वर जातात. ‘समजले का?’ म्हटले की सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाचे उत्तर निम्म्या मुलांना देता येत नाही. मुले भित्री नाहीत. मधल्या सुट्टीत हीच मुले खेळाचे नियम ठरवताना हिरिरीने वाद घालतात.

तिसरी अडचण मला सर्वांत अवघड वाटते. मुख्याध्यापक म्हणून मी सहकाऱ्यांचे पाठ पाहणे आणि लॉगबुकमध्ये त्यांची नोंद करणे अपेक्षित आहे. चौदा वर्षे ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्या वर्गात मी वही घेऊन शिरले, तर फळ्यावरचा खडू थांबतो आणि सगळ्यांचाच आवाज बदलतो. मला कोणाच्या चुका काढायच्या नाहीत, पण केवळ सह्या करणारी मुख्याध्यापिकाही व्हायचे नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की यांपैकी आधी कोणती गोष्ट हातात घ्यावी.

प्रतिसाद: निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा

बाई, नमस्कार. आपण तीन अडचणी वेगवेगळ्या मांडल्या आहेत, परंतु माझ्या अनुभवात त्यांतली पहिली सुटल्याशिवाय उरलेल्या दोन हाती लागत नाहीत, म्हणून मी वेळेपासून सुरुवात करतो.

कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी हे रोजचे चार तास होतात. आपण एक आठवडाभर, कोणालाही न दाखवता, आपल्या स्वतःच्या वर्गात प्रत्यक्ष अध्यापन किती मिनिटे झाले एवढेच एका कागदावर लिहून ठेवावे. वेळापत्रकातील तासिका मोजू नयेत, मुले खरोखर काही करीत होती ती मिनिटे मोजावीत. मी माझ्या केंद्रातील, म्हणजे माझ्या देखरेखीखालील शाळांच्या गटातील, शाळांना हे करून पाहण्यास सांगत असे, आणि बहुतेक मुख्याध्यापकांना आलेला आकडा पाहून धक्का बसत असे. तो आकडा हातात असला की बैठकीत बोलताना आपली बाजू तक्रारीची राहत नाही.

त्यानंतर मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ राखीव ठरवावा. या वेळात कोणताही शिक्षक वर्ग सोडून माहिती भरणार नाही, असे पाचही जणांनी मिळून ठरवावे आणि केंद्रप्रमुखांना नम्रपणे कळवावे. आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्ती, यूडायस, पाठ्यपुस्तके आणि गणवेश या कामांची वाटणी करून एकेका शिक्षकाकडे एकेक विषय वर्षभरासाठी सोपवावा. पदभार एका व्यक्तीकडे असला तरी सगळे कागद तिच्याच टेबलावर आले पाहिजेत असा नियम नाही. ‘तासाभरात पाठवा’ असे सांगून मागवलेली माहिती दुपारी तीन वाजता पाठवली तर आकाश कोसळत नाही, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिले आहे.

आता पाठनिरीक्षणाविषयी. लॉगबुक पहिला महिनाभर कपाटात ठेवावे. प्रथम आपण स्वतः सहकाऱ्यांना आपल्या वर्गात बोलवावे, तेही सर्वांत ज्येष्ठ गुरुजींना. त्यांच्या हातात वर्गातील बैठकीचा कोरा नकाशा द्यावा, ज्यावर प्रत्येक मुलाच्या जागी एक चौकोन असेल, आणि विनंती करावी की पस्तीस मिनिटांत जे मूल बोलेल त्याच्या चौकोनात एक रेघ ओढावी. चांगले-वाईट काहीही लिहू नये. पाठ संपल्यावर तो कागद दोघांनी मिळून पाहावा. या पद्धतीत निरीक्षकाची नजर शिक्षकावरून उठून मुलांवर जाते, आणि माझ्या मते तेथेच अवघडलेपण निम्मे कमी होते. आपण आधी स्वतःचा वर्ग उघडा केल्याखेरीज दुसऱ्याच्या वर्गात जाऊ नये, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

मुलांच्या गप्प राहण्याचे एक कारण आपणच असतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण फळ्यासमोर उभे राहून मनात मोजून पाहा. सुरुवातीला ती शांतता सहन होत नाही.

प्रतिसाद: सातपुड्यातील शिक्षक

मॅडम, मी धडगाव तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे आणि चार वर्ग दोन खोल्यांत शिकवतो. केंद्रप्रमुख साहेबांनी वेळेविषयी जे लिहिले त्याच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. राखीव वेळेच्या बदल्यात उरलेले काम शाळा सुटल्यावर करावे असा अर्थ कोणी काढू नये. आमच्याकडे शेवटची एसटी चुकली तर शिक्षिकांना घरी जायला दुसरे साधन नसते. काम कमी करणे आणि वाटून घेणे हाच उपाय आहे.

आपल्या दुसऱ्या अडचणीबाबत मला असे वाटते की काही मुले गप्प असतात कारण पुढ्यातील धडा त्यांना वाचताच येत नाही. आपण पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून, मार्कांची वही बाजूला ठेवून, वाचायला लावले आहे का? ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी साधी पद्धत आहे. एका कागदावर अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते, आणि मूल कोठपर्यंत सहज पोहोचते ते पाहायचे असते. एका मुलाला फार वेळ लागत नाही. माझ्या चौथीच्या वर्गात पहिल्या वर्षी गोष्टीपर्यंत पोहोचलेली मुले तीनच होती, आणि मी मात्र सगळ्यांना चौथीचे पुस्तक शिकवत होतो.

पातळी कळल्यावर रोज एक तास इयत्ता विसरावी. आपल्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी मिळून दोन शिक्षक आहेत, सहावीचे शिक्षक सोबत आले तर तीन होतील. अक्षर-शब्दाची मुले एकाकडे, परिच्छेदाची दुसऱ्याकडे, गोष्ट वाचणारी तिसऱ्याकडे असे गट करावेत. अक्षरगटात काड्या, अक्षरकार्डे, मोठ्याने वाचन आणि मुलांनी स्वतः सांगितलेली वाक्ये फळ्यावर लिहिणे ही कामे चालतात, तर गोष्टीच्या गटात मुले वाचून प्रश्न तयार करतात आणि गोष्टीचा शेवट बदलून लिहितात. दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यावे आणि मुलांना पुढच्या गटात हलवावे.

या पद्धतीमागे मोठा अभ्यास आहे. मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवर शिकवण्याचा ‘बालसखी’ कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चालला, आणि अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. पण मुख्याध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट नंतरची आहे. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना केवळ साहित्य आणि प्रशिक्षण दिले तेव्हा शालेय वेळेतील शिकण्यात फारसा फरक पडला नाही, कारण शिक्षक पुन्हा पुस्तक पूर्ण करण्याकडेच वळले. हरियाणात मात्र वेळापत्रकातच रोजचा एक तास यासाठी वेगळा काढला आणि मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना तसे शिकवून पाहिले, तेव्हा भाषेत सुधारणा झाली. शिक्षक दोन्हीकडे सरकारीच होते. तास राखून ठेवणारे आणि स्वतः करून पाहणारे कोणीतरी वर असणे हा फरक होता. आपल्या शाळेत ते ‘कोणीतरी’ आपण आहात.

एक शेवटचे. माझी मुले घरी पावरी बोलतात. मी पहिलीत फक्त मराठीतून बोलत असताना वर्ग आपल्या वर्गासारखाच गप्प होता. चौथीच्या एका मुलीला मी गोष्ट पावरीतून सांगायला बसवले त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न आले, आणि तेव्हापासून नवा पाठ आधी मुलांच्या बोलीत बोलून घेतल्याशिवाय मी पुस्तक उघडत नाही. आपल्या गावात ऊसतोड किंवा वीटभट्टीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे असतील, तर त्यांच्या मुलांबाबत हे नक्की तपासून पाहावे.

प्रतिसाद: माध्यमिक गणित शिक्षिका

वरील सूचनेत एक धोका आहे आणि तो मला आठवीत रोज दिसतो. गट केले की मुलांना आठवड्यात कळते की कोणता गट ‘हुशारांचा’ आहे, आणि एकदा मनावर बसलेला ‘ढ’ हा शिक्का पुसायला वर्षे लागतात. गट फक्त त्या एका तासासाठी असावेत, त्यांना नावे पातळीची नसावीत, आणि अक्षरगट सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावा. सहसा याच्या उलट घडते. नवा शिक्षक किंवा स्वयंसेवक कच्च्या मुलांकडे पाठवला जातो.

उरलेल्या तासांत सगळा वर्ग एकत्र असताना काय करावे याविषयी माझा अनुभव लिहिते. हात वर करणे मी बंद केले आहे. प्रश्न विचारल्यावर प्रत्येक जण पाटीवर उत्तर लिहितो आणि मी सांगितल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर येतात. दहा सेकंदांत मला संपूर्ण वर्गाची स्थिती दिसते, आणि चुकलेल्या मुलाला उभे राहून चुकावे लागत नाही. पाटी हे आपल्याच शाळांतले जुने आणि अत्यंत स्वस्त साधन आहे, ते आपण पहिली-दुसरीनंतर का टाकून देतो हे मला समजत नाही.

पाट्यांवर आलेली चूक हाच मग पाठ होतो. उदाहरणार्थ, ५२ वजा २७ या वजाबाकीत दरवर्षी अनेक मुले ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत असे पाहून ती सातातून दोन काढतात. पूर्वी मी तेथे लाल फुली मारून हातच्याची रीत पुन्हा सांगत असे. आता मी ३५ आणि २५ ही दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिते आणि कोणते बरोबर हे न सांगता विचारते की खात्री कशी कराल. कोणी २७ मध्ये ३५ मिळवून ६२ येतात असे दाखवते. कोणी दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटी नाणी घेऊन बसते आणि सत्तावीस रुपये द्यायचे तर एक नोट मोडावी लागेल असे सांगते. नोट मोडणे ज्याने हाताने केले त्याला दशक सोडवणे पुन्हा शिकवावे लागत नाही. या एका उदाहरणावर माझी संपूर्ण तासिका जाते आणि मला ती वाया गेली असे कधी वाटले नाही. अभ्यासक्रम मागे पडतो हा आक्षेप मी ऐकला आहे, परंतु जो भाग मुलांना आलाच नाही तो ‘झाला’ असे दैनंदिनीत लिहून पुढे जाणे मला पटत नाही.

तासिकेच्या आरंभी तीन प्रश्नांची उजळणी घ्यावी, एक कालच्या पाठावरचा, एक गेल्या आठवड्यातला आणि एक महिन्यापूर्वीचा, तीही पुस्तक बंद ठेवून. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने ते अधिक टिकते. ‘हो बाई’ या उत्तराची गरज त्यानंतर उरत नाही.

प्रतिसाद: व्यवस्थापन समितीतील पालक

मी शिक्षक नाही, शेतकरी आहे आणि आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर दोन वर्षे होतो. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. प्रत्यक्षात आम्हाला ठरावावर सह्या करण्यासाठी बोलावले जात असे, आणि मुले काय शिकत आहेत यावर दोन वर्षांत एकदाही चर्चा झाली नाही.

बाई, आपण बैठक संध्याकाळी ठेवा, कारण दिवसा मजुरी बुडवून कोणी येत नाही. त्या बैठकीत मुलांकडून त्यांच्या आई-वडिलांसमोर वाचून घ्या. माझ्या मुलाला चौथीत वाचता येत नव्हते हे मला पाचवीत कळले, आणि ते आधी कळले असते तर सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी त्याला दोन आठवडे घरी ठेवले नसते. आम्हाला मुलांच्या शाळेची किंमत नाही असे शिक्षकांना वाटते, पण आम्हाला नेमके काय बुडते हे कोणी दाखवलेले नसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर: पाचवीच्या बाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जे झाले आणि जे झाले नाही ते दोन्ही लिहिते.

कामांची वाटणी झाली. यूडायसचे काम सातवीच्या सरांनी स्वतःहून मागून घेतले. मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ राखायचा असे ठरवले, परंतु पंधरा दिवसांत चार वेळा तो मोडला, त्यांतील दोन वेळा माझ्याकडूनच.

पाचवीच्या बावीसही मुलांचे एकेकटे वाचन घेतले. अकरा मुले गोष्ट वाचतात, सात परिच्छेदावर अडतात, चार अजून शब्दांवर आहेत. त्या चारांपैकी एक मुलगा असा आहे, ज्याचे हस्ताक्षर वर्गात सर्वांत सुंदर आहे. तो वर्षानुवर्षे फळा अचूक उतरवून काढत होता आणि मी त्याच्या वहीवर ‘छान’ असा शेरा देत होते.

ज्येष्ठ गुरुजींना मी माझ्या परिसर अभ्यासाच्या तासाला बोलावले. त्यांनी नकाशावर रेघा ओढल्या. माझ्या एकोणीस प्रश्नांना सहा मुलांनी उत्तरे दिली होती, आणि खिडकीच्या रांगेतील पाच मुलींच्या चौकोनांत एकही रेघ नव्हती. गुरुजी बराच वेळ तो कागद पाहत होते. मग त्यांनी, ‘या मुली माझ्याकडे चौथीत होत्या तेव्हाही बोलत नसत, पण माझ्या ते लक्षात आले नव्हते,’ एवढेच म्हटले. गुरुवारी त्यांच्या वर्गात येण्यास त्यांनी मला सांगितले आहे. मी लॉगबुक नेणार नाही, कोरा नकाशा नेणार आहे.

गटांचा तास अजून सुरू झालेला नाही, कारण तिसरी-चौथीचे सर प्रशिक्षणाला गेले आहेत. अक्षरगट अनुभवी शिक्षकाकडे असावा ही सूचना मला पटली आहे आणि तो मी स्वतः घेणार आहे. सातपुड्यातील सरांना एक विचारायचे आहे: त्या तासासाठी पाचवीची मोठी मुले तिसरीच्या लहान मुलांशेजारी अक्षरकार्डे घेऊन बसताना संकोचतात का, आणि संकोचत असतील तर आपण पहिल्या दिवशी त्यांना काय सांगितले?

प्रतिसाद: सातपुड्यातील शिक्षक

मॅडम, संकोचतात. पहिल्या दिवशी मी काही सांगितले नाही. मोठ्या मुलांच्या हाती कार्डे न देता त्यांना स्वतःच्या घराविषयी, गुरांविषयी, नदीविषयी एकेक वाक्य बोलायला लावले, ती वाक्ये त्यांच्या नावासह मोठ्या कागदावर लिहिली आणि तोच कागद सगळ्या गटाचे वाचनाचे पुस्तक केला. आपल्या नावाचे वाक्य शोधायला ती मुले दुसऱ्या दिवशी स्वतःहून भिंतीपाशी गेली. कार्डे चौथ्या दिवशी काढली, तीही त्याच वाक्यांतील अक्षरांची.